फेब्रुवारीची पिवळी पट्टी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

दिव्यश्रीने ही वही हातात ठेवली. म्हणाली, "अप्पा, तुम्ही दिवसभर त्या स्क्रिप्टशी भांडता आणि घरी आलात की आमच्याशी. त्यापेक्षा इथे लिहा." मुलीचं म्हणणं खोटं नाही. चोपन्नाव्या वर्षी शिकायला बसलोय, चिडचिड होणारच.

काय शिकतोय ते एकदा लिहून ठेवतो. बोम्मसंद्र्याला आमचा रबरी पाइपांचा कारखाना. तिथे वाफेवर रबर शिजवणाऱ्या नऊ टाक्या आहेत, माणूस उभा आत जाईल एवढ्या. सगळे त्यांना कुकरच म्हणतात. प्रत्येक कुकरच्या दाराला एक लोखंडी खुंटी असते. आत वाफ असेपर्यंत ती अडकून राहते आणि दार उघडू देत नाही. ही खुंटी झिजते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कुकर थंड करून ती तपासायची, झिजली असेल तर बदलायची आणि दारावर पुढच्या तपासणीच्या महिन्याची पत्र्याची पट्टी लावायची. जानेवारीची पांढरी, फेब्रुवारीची पिवळी, मार्चची निळी, एप्रिलची हिरवी, असे बारा रंग. सव्वीस वर्षं या पट्ट्या मी लावल्या. माझ्या खोलीत बारा खिळे आहेत ओळीने. एका खिळ्यावरची पट्टी संपली की हात आपोआप पुढच्या खिळ्यावर जातो.

आता मॅनेजर गिरीराज यांचं म्हणणं, पत्रा बंद. तपासणी झाली की टॅबवर फॉर्म भरायचा आणि तिथूनच स्टिकर छापून निघणार. त्या महिन्यात कुठले कुकर तपासायचे, त्याची यादीही स्टिकरवरच्या महिन्यावरून टॅबच दाखवणार. पण फॉर्ममध्ये नुसती तारीख येते, आकड्यांत. आमची माणसं आकडे वाचत नाहीत, महिन्याचं नाव आणि रंग बघतात. तेव्हा तारखेवरून पुढच्या महिन्याचं नाव आणि रंग काढणारी स्क्रिप्ट लिहायची. फॉर्म बनवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. गिरीराजांनी विचारलं, कोण करेल? मी हात वर केला.

खरं कारण वहीत लिहायला हरकत नाही. पट्ट्या माझ्या हातून गेल्या तर त्या कारखान्यात माझं उरतं काय, अशी भीती वाटली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

या जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे शून्य, डिसेंबर म्हणजे अकरा. तारीख मात्र एकपासून. एकाच घरात एकाला जेवण आणि दुसऱ्याला उपास.

मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे परवा नोव्हेंबरची तारीख घातली तर डिसेंबर आला. मी समजलो, वा, पुढचा महिना आपोआपच आला, कामच झालं. दिव्यश्री पोट धरून हसली. मग तिने समजावलं आणि मी महिन्यांच्या नावांची यादी कन्नडमध्ये नीट मांडली, जानेवारी शून्यावर. आता तारखेत एक महिना मिळवायचा, जी तारीख येईल तिच्या महिन्याचं नाव यादीतून उचलायचं. डिसेंबरमध्ये एक मिळवला तर यंत्र स्वतःच पुढच्या वर्षाच्या जानेवारीवर जातं. एवढी अक्कल त्याला आहे.

बायकोने, सोयराने, दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा नुसती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा उठलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज पूर्ण परीक्षा घेतली. प्रत्येक महिन्याची पंधरा तारीख घातली. बाराच्या बारा बरोबर.

दिव्यश्री म्हणाली, "अप्पा, पंधराच का? बाकीच्या तारखा पण बघा, एक, तीस, एकतीस." मी म्हटलं, परीक्षेची तारीख सगळ्या महिन्यांना सारखी पाहिजे. एकतीस घेतली तर ती जवळजवळ निम्म्या महिन्यांत नाहीच. जी तारीख सगळीकडे नसते तिच्यावर परीक्षा घेऊन काय कळणार? ती "सरी अप्पा", म्हणजे ठीक आहे अप्पा, म्हणून आपल्या कामाला लागली. बापाशी वाद घालून उपयोग नाही हे तिला लवकर कळलंय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पहिला शेवटचा शनिवार. नऊ कुकर तपासले, नऊ फॉर्म भरले, नऊ स्टिकर निघाले, सगळ्यांवर डिसेंबर. चार नंबरच्या कुकरचा पहिला स्टिकर यल्लाप्पाच्या हाताने लावला.

हा यल्लाप्पा म्हणजे चार नंबरचा ऑपरेटर. चिकोडीकडचा. एकवीस वर्षांपूर्वी मीच त्याला इथे चिकटवला. मॅनेजर सोडले तर कारखान्यात मराठी बोलायला मला तो आणि त्याला मी. आमच्या घरची मराठी ऐकून त्याला हसू येतं, त्याची ऐकून सोयराला. आज स्टिकर लावताना म्हणाला, "अण्णा, ह्यो कागद वाफेनं सुटणार की." मी म्हटलं, सुटणार नाही, चांगल्या प्रतीचा आहे. त्याने वरून बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

पट्ट्यांच्या खोलीतली माझी पाटी मात्र कुणाला काढू दिली नाही. कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत आहे: पट्टीवर असेल तेच करायचं, डोकं चालवायचं नाही. पूर्वी एकाने स्वतःच्या मनाने भलताच कुकर उघडला होता, तेव्हा मी ती रंगवली.

शनिवार, २७ डिसेंबर

सगळ्या स्टिकरांवर जानेवारी. गिरीराज स्वतः खाली आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जयसिंगराव, हे एकदम सॉलिड झालंय. आपण हे बाकी तीन युनिट्सना पण देणार आहोत, मार्च एंडपासून. तुम्ही इंदिरानगरच्या ऑफिसला या. इथे शिवाप्पा बघेल."

शिवाप्पा दुसऱ्या युनिटमधून आलेला फिटर. कामाचा सरळ, सांगितलं तेवढं करणारा. त्याला पाटी दाखवली आणि विचारलं, वाचली का? म्हणाला, "वाचली साहेब. तसंच करणार." मला बरं वाटलं.

गुरुवार, १५ जानेवारी २०२६

संक्रांत. यल्लाप्पा आणि त्याची बायको तानूबाई नेहमीप्रमाणे आले. सोयराने एळ्ळु-बेल्ल्याचा, म्हणजे इकडच्या तीळगुळाचा, डबा त्यांच्यापुढे ठेवला, मग ऊस, मग गप्पा. इंदिरानगरच्या ऑफिसचं मी वर्णन केलं. तिथे झाडं आत आहेत आणि माणसं काचेच्या खोलीत. कॉफी यंत्रातून येते आणि तिला चव नसते.

फेब्रुवारीत तानूबाईंच्या भाच्याचं लग्न आहे, त्यावरून दिवसांचा हिशोब निघाला. यल्लाप्पाने मूठ वळली आणि बोटांच्या हाडांवर महिने मोजले. उंचवट्यावर एकतीस, खाचेत कमी. "फेब्रुवारीची खाच लई खोल अण्णा," म्हणाला, "पाय घसरतोय बघा." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या त्या मशीनला मूठ हाय काय?"

सगळे हसलो. मी म्हटलं, यंत्राला सगळं पाठ असतं, लीप वर्षसुद्धा. आणि ते खरंच आहे.

शनिवार, ३१ जानेवारी

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या शनिवारी मी कारखान्यात नव्हतो. सकाळपासून हात रिकामे वाटले. इंदिरानगरला एका बाईंनी मला झाडांना पाणी घालताना पकडलं.

साडेचारला शिवाप्पाचा फोन. "साहेब, नऊ झाले. नऊ स्टिकर निघाले, सगळे एकसारखे." मी विचारलं, नीट चिकटले? म्हणाला, एकदम. बस, एवढंच ऐकायचं होतं. यंत्र माझ्याशिवाय चालतं, याचा अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

गिरीराज खूश आहेत. या महिन्यात कुकरांनी कधी नव्हे इतका माल काढला. तीन पाळ्या अखंड.

दुपारी यल्लाप्पाचा फोन. काम काही नव्हतं, उगाच. बोलता बोलता म्हणाला, "अण्णा, यंदा पिवळी बघितल्यासारखी वाटत नाही मला."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हंजे दारावर. फेब्रुवारीची पिवळी असती की. मला निळीच दिसालीय."

मी लगेच ओळखलं. त्या छपाईयंत्रातला पिवळा रंग संपलेला असणार. पिवळा संपला की सगळे रंग बिघडतात, दिव्यश्रीच्या यंत्राचं तसंच झालं होतं. खरेदी विभागाला कडक शब्दांत लिहिलं की पिवळी शाई ताबडतोब पाठवा. यल्लाप्पाला म्हटलं, शाईचा घोळ आहे आणि तुझ्या डोळ्यांचाही. पन्नाशी आली, जाऊन डोळे तपास.

तो हसला. "व्हय अण्णा, डोळं जरा मंद झाल्यात खरं."

शनिवार, २८ फेब्रुवारी

देवनहळ्ळीला सोयराच्या भावाने नव्या लेआउटमध्ये घर बांधलं, त्याची वास्तुशांत. पंगत बसायच्या आधी शिवाप्पाला फोन केला. विचारलं, बाकी किती?

"काही बाकी नाही साहेब. यादी पूर्ण कोरी. टॅबवर हिरवं आलंय."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. मी हाताने करायचो तेव्हा नऊ कुकरांना संध्याकाळ व्हायची. या माणसाने जेवणाच्या आधी संपवले. मेहुण्याला कौतुकाने सांगितलं की बघ, नीट पद्धत बसवून दिली की कामं कशी होतात. मेहुणा जिलेबी वाढत होता, त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

सोमवार, ९ मार्च

यल्लाप्पाचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"अण्णा, चार नंबरचं दार लवकर सुटालंय. शिट्टी पूर्ण बसायच्या आधीच, आत वाफ असतानाच, दाराचा दांडा हलतोय. आधी असं नव्हतं."

मी विचारलं, शिवाप्पाला सांगितलंस का?

"सांगितलं. तो म्हणतोय, स्टिकर मार्चचा हाय, शेवटच्या शनिवारी अठ्ठावीसला उघडायचा. पाटी दावतोय तुमची."

मी म्हटलं, तो बरोबर सांगतोय. नऊ दिवसांपूर्वीच तर खुंटी तपासली. नऊ दिवसांत लोखंड झिजत नाही. तू दांड्याला जास्त जोर लावत असशील.

 तो म्हणाला, "त्या शनिवारी माझी सुट्टी हुती, मी नव्हतो. तुम्ही म्हणताय तर असंल."

मी म्हटलं, शिट्टी बसल्यावर दोन मिनिटं थांबत जा. सरी, म्हणाला. फोन ठेवल्यावर जरा चुकचुकल्यासारखं झालं. शिवाप्पाला एकदा बघून घे म्हणून सांगावं असं मनात आलं. पण मीच केलेला नियम मीच पहिल्यांदा मोडायचा, तेही दुसऱ्या ऑफिसात बसून? नाही केला फोन.

गुरुवार, १९ मार्च

उगादी. सकाळी गुढी उभारली, कडुनिंब आणि गुळाचं बेवु-बेल्ला खाल्लं. यल्लाप्पा एकटाच आला, तानूबाईंना ताप आहे. त्याच्या उजव्या मनगटावर वाफेचा चट्टा होता, रुपयाएवढा. सोयराने विचारलं तर म्हणाला, "दार उघडताना जरा झळ लागली अक्का, काय नाही." तिने कोरफडीचा गर लावून दिला.

निघताना तो दारात चप्पल घालत थांबला. मला म्हणाला, "अठ्ठावीसला अजून नऊ दिवस हायत न्हवं?"

मी म्हटलं, हो, नऊच. मुठीवर मोज.

तो हसला आणि गेला. चट्ट्याचं मनातून जात नाही. उद्या शिवाप्पाला फोन करतो. नियम गेला खड्ड्यात.

शुक्रवार, २० मार्च

दिवसभर गिरीराजांबरोबर होतो, बाकीच्या तीन युनिटांच्या लोकांना फॉर्म दाखवायला. मी प्रत्येक महिन्याची पंधरा तारीख घालून बारा महिने दाखवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोन राहिला. उद्या सकाळी पहिलं तेच.

शनिवार, २१ मार्च

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी शिवाप्पाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणी उचलला, मागे भोंगा वाजत होता.

आठ चाळीसला चार नंबरचं दार वाफेसकट सुटलं. यल्लाप्पा समोर होता.

सोमवार, २३ मार्च

जिवंत आहे. दोन्ही हात, मान, चेहरा. डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर म्हणतात पट्टी काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

तानूबाई बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "जावा आत, तुमचंच नाव घेतल्यात मघापासनं." मी आत गेलो. तो माझा आवाज ऐकून म्हणाला, "अण्णा, माझीच चूक झाली. मीच घाई केली. तुमची पट्टी मार्चची हुती, तुमची पट्टी कधी चुकत नाही."

कंपनीचा माणूस सकाळीच येऊन गेला होता. हात बांधलेले, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. कागदावर लिहिलंय की ऑपरेटरने शिट्टी बसायच्या आधी दार ओढलं. एक तारखेला सरकारी तपासणी अधिकारी येणार आहेत, तो कागद त्यांच्यापुढे जाईल.

मी त्याला म्हटलं, तू पड आता.

बुधवार, २५ मार्च

आज बोम्मसंद्र्याला गेलो. चार नंबरला दोरी बांधलीय. खुंटी काढून टेबलावर ठेवली होती. मी आजवर शेकडो खुंट्या हातात घेतल्यात. ही एका अंगाने पार गुळगुळीत झाली होती. तीन आठवड्यांत इतकी झीज होत नाही.

शिवाप्पाला विचारलं, अठ्ठावीस फेब्रुवारीला ही बघितलीस तेव्हा कशी होती?

"अठ्ठावीसला? त्या दिवशी काही नव्हतं साहेब. यादी कोरी होती, तुम्हाला सांगितलं ना. साडेअकराला घरी गेलो."

म्हटलं, नऊ कुकरांपैकी एकही नाही?

"एकही नाही. सगळ्यांवर मार्चचा स्टिकर. जानेवारीत निघाला तोच." मग हळूच म्हणाला, "मी पट्टीवर होतं तेच केलं."

त्याच्या मागे भिंतीवर माझी पाटी होती.

पट्ट्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बारा खिळे तसेच आहेत. टॅब उघडून फॉर्ममध्ये तारीख घातली, ३१ जानेवारी. खाली अक्षरं आली: मार्च. ३० घातली. मार्च. २९. मार्च. २८ घातल्यावर फेब्रुवारी आला.

मग समजलं. एकतीस जानेवारीत मी एक महिना मिळवायला सांगितला. यंत्राने एकतीस फेब्रुवारी केली. अशी तारीख नाही, म्हणून ते उरलेले दिवस मोजत पुढे तीन मार्चवर जाऊन थांबलं. मग मी त्याला महिन्याचं नाव विचारलं आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार एकोणतीसला होता, डिसेंबरचा सत्तावीसला, म्हणून दोनदा निभावलं. जानेवारीचा एकतीसला पडला.

दिव्यश्रीने विचारलं होतं. एकतीस बघा म्हणाली होती.

शुक्रवार, २७ मार्च

दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. सोयरालाही नाही. एक ओळ बदलली की झालं, असं मनात येत होतं. आधी तारीख एकवर आणायची, मग महिना मिळवायचा. कुणालाही पत्ता लागणार नाही. यल्लाप्पाने ठसा दिलेलाच आहे, आणि त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. हे असं मी खरोखर मनात घोळवलं, ते इथे लिहून ठेवतो.

आज गिरीराजांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून काचेचं दार लावलं.

"जयसिंगराव, हे कुणाकुणाला माहितीये?"

म्हटलं, तुम्हाला आणि मला.

"मग असं करा. ती लाइन फिक्स करा, आजच्या आज. बाकीची युनिट्स एकतीसला सुरू होतायत, तिथे हे नको. आणि विषय इथेच संपवा. ऑपरेटरने लिहून दिलंय. तुम्ही बोललात तर त्याला बरं वाटणारे का? तुमची नोकरी जाईल, बाकी काय?"

वाईट माणूस नाहीत ते. मला आवडतात. तेच मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो, त्यांनी पुण्याच्या मराठीत सांगितलं.

म्हटलं, ओळ आज बदलतो. पण बदलायच्या आधी जुन्या फॉर्मचा कागद छापून घेतो, एकतीस जानेवारी वर आणि मार्च खाली.

 ते म्हणाले, "नीट विचार करा." मी छापून घेतला. तीन प्रती. मग ओळ बदलली आणि या वेळी वर्षाच्या तीनशे पासष्टही तारखा घालून बघितल्या. चार तास लागले.

घरी येऊन सोयराला सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली. म्हणाली, "आणि तुम्ही त्याला डोळे तपासायला सांगितलं." मी तिला ते फेब्रुवारीत हसत हसत सांगितलं होतं, विसरूनही गेलो होतो.

मंगळवार, ३१ मार्च

सकाळी हॉस्पिटलला. जुन्या खोलीतल्या खिळ्यावरची एक पिवळी पट्टी खिशात घेऊन गेलो होतो. का घेतली ते सांगता येणार नाही.

तानूबाईंनी स्टूल सरकवलं. यल्लाप्पाच्या डोळ्यांची पट्टी अजून काढलेली नाही, परवा काढणार. मी स्क्रिप्ट, महिने शून्यापासून, असं काहीबाही सांगायला लागलो. त्याने अडवलं. "सरळ सांगा अण्णा."

मग सरळ सांगितलं. फेब्रुवारीची पट्टी लागलीच नाही. माझ्या फॉर्मने एकतीस जानेवारीनंतर थेट मार्च धरला. तुझी खुंटी सात आठवडे कुणीही बघितली नाही. नऊ दिवसांपूर्वी बघितली असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं तरी खोटंच. चूक तुझी नाही, माझी आहे. उद्या त्या अधिकाऱ्यांपुढे मी हे लिहून देणार आहे. तुझा ठसा घेतलेला कागद मागे घ्यायला लावणार आहे.

तानूबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. बाहेर कुणीतरी नर्सला कन्नडमध्ये बेड नंबर विचारत होतं.

मग तो म्हणाला, "म्हंजे पिवळी नव्हतीच."

म्हटलं, नव्हती.

"म्हंजे तवा माझं डोळं नीट हुतं."

मी हो म्हटलं. 

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर मी बसू शकलो असतो. थोड्या वेळाने तानूबाई म्हणाल्या, "आता जावा अण्णा. उद्या बोला तिथं, मग या." मी खिशातली पट्टी काढली, पण ती कुणाच्या हातात द्यावी ते कळेना. त्यांनीच ती घेतली आणि औषधांच्या शेजारी ठेवली.

राजीनामा आणि तिन्ही कागद पाकिटात घातलेत. अधिकारी दहाला येणार आहेत, मी नऊला गेटवर असेन. आत सोडतील की नाही माहीत नाही. नाही सोडलं तर बाहेर उभा राहीन, त्यांना तिथूनच जावं लागणार.

आज एकतीस तारीख. बाकीच्या तीन युनिटांत तपासणी महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते, तिथे आज पहिले स्टिकर निघाले. मी तिघांनाही फोन करून विचारलं, काय नाव आलं? एप्रिल, म्हणाले, हिरवा. तरी ठेवल्यावर मी मूठ वळली आणि हाडांवर मोजलं. मार्च उंचवटा, एप्रिल खाच. बरोबर आहे.

यल्लाप्पाची मूठ पुन्हा वळेल का, ते डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.